धारवाडच्या स्कूटरवाल्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आपले नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहावे लागत आहे. ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी कर्नाटक विद्यापीठाच्या चढावर, दोन्ही हातांनी काठी धरून थांबलेल्या एका वृद्ध गृहस्थांना पाहून आपण पुढे गेलेली स्कूटर वळवून परत आणलीत. ते माझे वडील. छत्री आणि कुंद्याचा डबा सांभाळत मागून धापा टाकत येणारी बाई ती मी.

बाबांनी १९६५ ते १९६७ या काळात तिथे गणितात एम.एस्सी. केले. तेव्हा राज्याचे नाव म्हैसूर होते, बेळगावात विद्यापीठ नव्हते आणि पदवीनंतर पुढे शिकायचे तर आमच्या भागातल्या मुलांना धारवाड गाठावे लागे. २०१० मध्ये बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले, तोवर आमच्या कॉलेजांच्या पदव्याही धारवाडहूनच निघत. माझ्या पदवीच्या कागदावर त्याच विद्यापीठाचा शिक्का आहे. पण तो कागद घेण्यापुरते एकदा जाणे आणि येताना पेढे आणणे, एवढाच माझा त्या गावाशी संबंध. बाबांना मात्र वर्षभर एकच ध्यास लागला होता, की गुडघे पुरते बसण्याआधी आपला विभाग एकदा डोळ्यांनी पाहायचा.

बेळगाव ते धारवाड हे अंतर हमरस्त्याने पाऊणशे किलोमीटरांच्या आसपास आहे, त्यामुळे एका दिवसात जाऊन येणे अवघड नाही. एम. के. हुबळीच्या पुलावरून दुथडी भरलेली मलप्रभा दिसली, कित्तूर मागे पडले आणि बाबा लोंढ्यावरून वळसा घालत जाणाऱ्या मीटरगेज गाडीच्या आठवणी सांगू लागले. मी हिशेब केला होता तो एवढाच, की रिक्षा विद्यापीठाच्या दारापर्यंत जाईल आणि पुढे हळूहळू चालता येईल. छोटा महाबळेश्वर म्हणतात त्या टेकडीवर हे आवार वसले आहे, हे मला ठाऊक होते. ८१ वर्षांच्या गुडघ्यांना त्या नावाचा अर्थ काय लागतो, ते तिथे गेल्यावर कळले. रविवार असल्यामुळे सगळीकडे सामसूम होती आणि रिक्षा परत गेली होती.

तेवढ्यात आपण आलात. “बर्री काका, बसा मागं,” एवढेच म्हणालात. कोण, कुठले, कशाला आलात, यातले काहीही विचारले नाहीत. बाबांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. काठी माझ्या हातात दिली आणि कॉलेजातल्या पोरासारखे मागच्या सीटवर बसले. वळणावर आपण दोघे दिसेनासे झालात, तेव्हा खरे सांगते, मला थोडी भीती वाटली. अनोळखी माणसाच्या गाडीवर वडिलांना बसवून पाठवले, हे घरी कसे सांगायचे, असा विचार करतच मी तो चढ चढले. त्या शंकेबद्दल आता आपली क्षमा मागते.

मी पोहोचले तेव्हा बाबा विभागाच्या बंद खिडकीला कपाळ टेकून आतला फळा पाहत होते. पाऊस भुरभुरत होता आणि आपण स्वतः भिजत त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभे होता. अशी वीस मिनिटे तरी गेली असतील. मी दोनदा “चला आता” म्हणाले आणि दोन्ही वेळा आपण हातानेच मला थांबवलेत.

मग बाबांनी पावटे साहेबांचा विषय काढला. दा. चिं. पावटे हे आमच्याच जिल्ह्यातले, गोकाक तालुक्यातल्या ममदापूरचे. केंब्रिजचे रँग्लर आणि १९५४ ते १९६७ या काळातले कुलगुरू. विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी मुंबईहून धारवाडला आले. पण या टेकडीला आजचे रूप आले ते पावट्यांच्या कारकिर्दीत, असे बाबांचे ठाम मत आहे. कुलगुरू समोरून येताना दिसले की मुले विजार झटकून कशी सरळ उभी राहत, हा किस्सा मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला आहे, की तो सुरू झाला की मी स्वयंपाकघरात जाते. आपण मात्र मध्येच थांबवून त्यांना प्रश्न विचारत होता: वसतिगृह कोणत्या बाजूला होते, मेसला महिन्याला किती पैसे पडत, शिकवणारे कोण होते. त्या प्रश्नांमुळे बाबांनी जे सांगितले, त्यातले निम्मे मी त्या दिवशी प्रथमच ऐकले. वडील वारल्याची तार त्यांना परीक्षेच्या आदल्या दिवशी याच आवारात मिळाली होती, हेसुद्धा.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या भागात भाषेवरून वाद घालणाऱ्यांची उणीव नाही आणि बाबा त्यात मागे राहणारे नव्हेत. तेच बाबा त्या दिवशी दोन तास गंजलेल्या कन्नडमध्ये बोलत होते, आणि आपण, आई निपाणीची म्हणून, अडखळत्या मराठीत उत्तरे देत होता. दोघेही दुसऱ्याच्या भाषेत चुकत होता आणि कोणीच कोणाला दुरुस्त करत नव्हते. पुढे साधनकेरीच्या तळ्याजवळ आपण म्हणालात, की ज्ञानपीठ मिळवणाऱ्या बेंद्र्यांच्या घरात मराठीच बोलत, आणि हे कन्नड कवी सोलापूरच्या कॉलेजात शिकवायलाही होते. त्यावर बाबांनी कुलकर्णी सरांचे, म्हणजे जी. एं.चे नाव घेतले. मराठीतला एवढा मोठा कथाकार धारवाडच्या कॉलेजात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवत होता, याचा त्यांना फार अभिमान. “हौद्री,” म्हणून आपण मान डोलावलीत. विषय तिथेच संपला, वाद झाला नाही.

खानावळीत ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगांची चटणी जेवून उठलो, तर पैसे आपण आधीच दिलेले होते. कुंद्याचा डबा आपण घेतलात, पण बसस्थानकावर त्याच पिशवीतून पेढ्यांचा पुडा माझ्या हाती आला. माझी छत्री वाऱ्याने उलटी होऊन मोडली होती. आपण आपली लाकडी मुठीची छत्री बाबांच्या हातात ठेवलीत आणि मी काही बोलण्यापूर्वी पावसातच स्कूटर सुरू करून निघून गेलात.

ती छत्री आमच्याकडे आहे. मी ती कुरियरने पाठवावी म्हणते आणि बाबांना ते मान्य नाही. स्वतः आणून देईन, असा त्यांचा हट्ट आहे. त्यांचे बळ गोळा होईपर्यंत दिवाळी उजाडेल असे दिसते. हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचले, तर रविवारी आपण टेकडीवर साधारण किती वाजता असता, तेवढे कळवावे.

आपली कृतज्ञ,
बेळगावची एक मुलगी