मगराने खरं का सांगितलं?

प्रिय चिऊ,

तुझा मराठीचा चाचणीचा पेपर बघितला. माकड आणि मगराचा उतारा होता ना, त्यात "मगराने माकडाला खरं का सांगितलं?" याला तू लिहिलंस "त्याला वाईट वाटलं म्हणून", आणि बाईंनी ते खोडून शेजारी "मगर मूर्ख होता" असं लिहिलंय. रडू आलं ते कळलं मला. पण मार्कांचं सोड, हा प्रश्न इतका भारी आहे ना की दोन ओळींत संपवायचाच नाही.

काल ऑफिसमधून येताना अप्पा बळवंत चौकात उतरून पंचतंत्र घेऊन आले, वर संस्कृत आणि खाली मराठी अर्थ असलेलं. ही गोष्ट चौथ्या तंत्रात, म्हणजे चौथ्या भागात आहे, त्याचं नाव लब्धप्रणाश. माकडाचं नाव रक्तमुख, मगराचं करालमुख, आणि नदीबिदी नाहीच, समुद्राकाठचं मोठं जांभळाचं झाड आहे. (हीच गोष्ट पुढे अरबीत गेली, 'कलीला व दिम्ना'मध्ये, तिकडे मगराचं झालं कासव आणि जांभळांची झाली अंजिरं!)

आता ऐक. मगराच्या बायकोला माकडाचं काळीज हवंय, म्हणून मगर त्याला फसवून घरी नेतोय. माकड पाठीवर बसलंय, खोल पाणी आलंय, आणि मगर मनात म्हणतो, हा आता माझ्या ताब्यात आलाय, पाठीवरून तीळभरसुद्धा हलू शकत नाही, तर सांगूनच टाकतो, म्हणजे निदान देवाचं नाव तरी घेईल. बघ, नुसता मूर्ख असता तर एवढा विचार केला असता का? आणि नुसतं वाईट वाटलं असतं तर मागे फिरला असता ना. आधी खात्री करून घेतली की हा सुटत नाही, मग दया आली. दोन्ही एकाच वेळी मनात आहे, माणसांचंही असंच असतं बाळा, आणि म्हणून मला तुझं उत्तर अर्धं बरोबर वाटतं, अगदी मनापासून. तुमच्या उताऱ्यात ही ओळच नाहीये, मग मुलांनी जे लिहिलं ते उताऱ्यातल्या कशावरून लिहिलं एवढंच विचारायला हवं होतं असं माझं मत आहे, पालकसभेत बाईंशी शांतपणे बोलेन मी.

तू पण एक कर. उत्तर लिहिलंस की पुढे "कारण" लिहून उताऱ्यातली ओळ दाखव. आणि वाचताना मध्येच थांबून बघायचं की आत्ता कोणाला काय माहितीये. माकड पाठीवर चढलं तेव्हा आपल्याला बेत माहितीये, मगराला माहितीये, फक्त माकडाला नाही, म्हणून तर तिथे आपल्याला धडधडतं. पण मगराने सांगितल्या क्षणी सगळं फिरतं, कारण आता माकडाला कळलंय की मगराला काळीज हवंय आणि मगराला अजून पत्ता नाही की माकड काय शिजवतंय, मग "अरे काळीज तर झाडाच्या ढोलीत राहिलं" हे तो लगेच खरं मानतो, कारण त्याला ते हवंच आहे.

आता मगराची बायको राहिली. तिने माकडाला कधी पाहिलंसुद्धा नाही, फक्त मगराने त्याच्याकडून घरी आणलेली जांभळं खाल्ली, आणि तेवढ्यावरून काळीज मागितलं. का मागितलं असेल? पुस्तक तुझ्या टेबलावर ठेवलंय, तिचं बोलणं नीट वाच, तिला नवऱ्याचा कसला तरी संशय आलाय. रविवारी नाश्त्याला सांग मला, आणि कारणासकट हं.

तुझी,
आई