प्रिंट घरी पोचू द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

19 ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनाच्या निमित्ताने आपल्या दैनिकाने वाचकांकडून गोव्यातल्या माणसांची छायाचित्रं मागवली आहेत. नियम वाचले. फाइल किती एमबीची हवी, रंगांत फेरफार किती चालेल, एकाने किती प्रवेशिका पाठवायच्या, सगळं नीट दिलं आहे. ज्या माणसाचा फोटो काढला, त्याच्याविषयी मात्र एक ओळही नाही. फोटो काढताना त्याला विचारलं होतं का, आणि त्याचा फोटो त्याला नेऊन दिला का, हे दोन प्रश्न प्रवेशिकेत घालावेत, ही विनंती करायला हे पत्र लिहितो आहे. म्हापशात 31 वर्षं मी फोटोच्याच धंद्यावर घर चालवलं. ही विनंती माझ्याच एका चुकीतून आलेली आहे, म्हणून आधी ती सांगतो.

1997 साली चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या आठवड्यात एका कॅलेंडरच्या कामासाठी मी साखळी गावच्या माटोळी बाजारात गेलो होतो. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानातल्या फळाफुलांची चौकट. सत्तरी तालुक्यातल्या गावांतून आलेल्या बायका रस्त्याच्या कडेला गोणपाटावर रानातला माल मांडून बसल्या होत्या. कवंडाळं, माट्टीची फळं, आंबाडे, कांगल्यांचे झुपके, सुपारीची शिपटी. वरून पाऊस आणि पावसाला निळ्या ताडपत्र्या. ताडपत्रीखालचा उजेड निळा पडतो, आणि स्लाइडच्या रोलवर तो निळेपणा चेहऱ्यावर तसाच उतरतो. म्हणून मी एका म्हातारीला म्हटलं, आजी, जरा कडेला उजेडात येऊन बसाल का? ती उठली. पुढ्यातला अर्धा माल उचलून कडेला आणला, पुन्हा मांडला. या हलवाहलवीत तिची दोन गिऱ्हाइकं शेजारणीकडे गेली, ते मी डोळ्यांनी पाहिलं. कॅमेऱ्यात 50 एएसएचा, म्हणजे भरपूर उजेड मागणारा रोल होता, ढगाळ उजेडात शटर एक तीसांश सेकंदाच्या पुढे जाईना. मी श्वास धरून सहा फ्रेम घेतल्या आणि तीही माझ्याबरोबर श्वास धरून बसली. उठताना तिने एवढंच विचारलं, "म्हाका एक दितलो मरे?" मला एक देशील ना? मी म्हटलं, "दितां."

रोल धुवायला तेव्हा बसने मुंबईला जायचा. स्लाइड आल्या, त्यातली सर्वांत चांगली गिऱ्हाइकाकडे गेली. मूळ स्लाइड परत मिळायची होती, ती मिळाली नाही. कॅलेंडर छापून आलं, सप्टेंबरच्या पानावर तिचा चेहरा होता, कॅमेऱ्याकडे सरळ बघणारा. खाली लिहिलं होतं, गोव्यातील पारंपरिक विक्रेती. मला पैसे मिळाले आणि ते कॅलेंडर दाखवून पुढची कामंही मिळाली. तिला नेऊन द्यायचं मात्र राहिलं. पुढच्या चवथीला मी कामासाठी राजस्थानात होतो, त्याच्या पुढच्या चवथीला एका लग्नाचे अल्बम पूर्ण करत होतो. मग सवयीने विसरलो.

2009 साली दोन मुलगे स्टुडिओत आले. म्हातारीचे पुतणे. ती गेली त्याला आठ दिवस झाले होते आणि बाराव्याला लावायला घरात फोटो नव्हता. मतदार ओळखपत्रावरचा कुणीतरी मोठा करून आणला होता, त्यात भुवया आणि ओठ दोन्ही पुसले गेले होते. कुणीतरी सांगितलं होतं की हिचा फोटो एका कॅलेंडरवर आला होता आणि तो म्हापशाच्या फोटोवाल्याने काढला होता. कॅलेंडरचा फोटो माझ्याकडे नव्हताच. रात्री कपाट उपसलं. आपल्याकडच्या पावसाळ्यात स्लाइडवर बुरशी कशी चढते, ते फोटोवाल्यांना ठाऊक आहे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या फांद्या. सहांपैकी एकच फ्रेम वाचली होती, आणि ती मी वाया गेलेली म्हणून बाजूला टाकलेली. त्यात ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. कांगल्यांचा झुपका बांधते आहे, सुंभाचं एक टोक दातांत धरलं आहे, मान थोडी कलती. तीच साफ करून दहा बाय बाराची प्रिंट काढली. थोरल्या मुलाने हातात घेतली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हीच ती. सुंभ दातांत धरायची खोड तिची. दात पडले तरी सुटली नाही." मी बाराव्याला गेलो. भिंतीवरचा फोटो पाहिला आणि जेवण न घेता निघालो. द्यायचा कबूल केलेला फोटो बारा वर्षांनी पोचला, आणि जिला द्यायचा तिला पोचलाच नाही.

त्या दिवसापासून आपल्या दैनिकातल्या पुण्यस्मरणाच्या जाहिराती मी वेगळ्या नजरेने बघतो. आपणही आजच्या अंकातल्या बघा. कितीतरी चेहरे ओळखपत्रावरून वाढवलेले असतात. खांद्यापाशी शिक्क्याची कड दिसते, पाठीमागे सरकारी पडद्याचा रंग. काही फोटो कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपमधून कापलेले असतात, कानाजवळ दुसऱ्याच कुणाचा तरी खांदा उरलेला असतो. यातल्याच माडी काढणाऱ्या रेंदेराचे, पाव भाजणाऱ्या पोदेराचे, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकाराचे उत्तम फोटो पर्यटकांच्या कॅमेऱ्यांत, मासिकांत, हॉटेलांच्या लॉबीत असतील. घरच्यांकडे तेवढे नसतात.

यात कायदाही त्या माणसाच्या बाजूने फारसा बोलत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 17 प्रमाणे कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो काम देणारा. नाहीतर साधारणपणे फोटो काढणारा. समोर बसलेल्या माणसाचं नाव या हिशेबात येतच नाही. म्हणजे जे द्यायचं, ते आपण होऊनच द्यायला हवं.

आणि आपण ज्या 19 ऑगस्टची आठवण काढतो, तिच्यात हे देणं मुळातच होतं. 1839 साली त्या दिवशी पॅरिसमध्ये लुई डागेर या फ्रेंच माणसाची फोटो काढायची पद्धत जगासाठी खुली झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणारा तो फोटो. त्याला निगेटिव्ह नसे, एकच प्रत. फोटोवाल्यापुढे बसणारा माणूस तो पत्रा डबीत घालून घरी घेऊन जायचा. प्रती काढणं सोपं झालं तसा फोटो सगळीकडे जाऊ लागला.

माणूस फोटोत स्वतःला कसा मागतो, हे मी कुर्डीत शिकलो. साळावली धरणासाठी ते गाव ऐंशीच्या दशकात पाण्याखाली गेलं. लोकांना वाळकिणी आणि वाडें इथे वसवलं. दर वर्षी मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं आणि जुने गावकरी सोमेश्वराच्या देवळाकडे जमतात. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव, म्हणून मासिकांना त्याचं आकर्षण. एका मासिकाने मला सांगितलं होतं, भेगाळलेली जमीन हवी आणि तिच्यावर एकटा म्हातारा. म्हातारा भेटला. पण तो म्हणाला, "म्हाका दारांत उबो करून काड." दार कुठलं, जोत्याचे चिरे तेवढे चिखलातून वर आलेले. त्याने पावलांनी मोजलं, एका जागी येऊन थांबला आणि डावीकडे जरा सरकून उभा राहिला. का सरकलात म्हणून विचारलं, तर म्हणाला, मधे उभा राहिलो तर माणसं आत कशी जाणार? मग हात वर करून त्याने चौकट धरली. नसलेली चौकट, पण हाताची बोटं नेमकी वळलेली. मी आधी 85 ची लेन्स लावली होती, ती काढून जास्त रुंद टिपणारी 35 ची लावली, कारण आता ते जोतं पूर्ण यायला हवं होतं. मासिकाने एकट्या म्हाताऱ्याचाच फोटो छापला. दाराचा फोटो मी वाळकिणीला नेऊन दिला. तो त्यांनी दरवाजाच्या वर लावला आहे, आतल्या बाजूने.

कामाची घाई मलाही माहीत आहे. खाणी चालू होत्या तेव्हा एका कंपनीच्या अहवालासाठी दिवसाला चाळीस-चाळीस कामगारांचे फोटो काढले. तेव्हा कुणाचं नावही टिपून घेतलं नाही. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, माणसं पांगली, आता शोधायचं कुठे.

पण घाई नसतानाही आपण तसंच वागू लागलो आहोत, हे मला जास्त लागतं. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या पटांगणात चिखलकाला होतो. अंगाला तेल लावलेली पोरं, खाली चिखल, वरून पाऊस. पोटच्या पोराला कडेवर घेतलेली देवकी आत देवळात उभी आहे, आणि बाहेर गावातल्या आया आपापली पोरं बघायला आल्या आहेत. गेल्या वेळी कॅमेऱ्यांचं कडं एवढं दाट झालं होतं की त्या आया आमच्या पाठी बघत उभ्या होत्या. मी त्या कड्यातलाच एक होतो. बाजूला झालो तर माझ्या जागी लगेच दुसरा येऊन उभा राहिला.

आता सगळ्यांकडे मोबाइल आहे, फोटो कशाला नेऊन द्यायचा, असं तरुण मित्र म्हणतात. मोबाइल पाण्यात पडतो, बदलतो, पासवर्ड विसरतो. आणि ज्या वयाच्या माणसांचे फोटो आपण हौसेने काढतो, त्यांच्या हातात तो मोबाइल नसतो, नातवाच्या हातात असतो. सहा बाय आठची एक प्रिंट एका प्लेट पातळभाजी-पावाच्या पैशात निघते. ती मॅट कागदावर काढा आणि फ्रेम करताना मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घाला, म्हणजे काच फोटोला टेकणार नाही. आपल्या हवेत काचेला चिकटलेला फोटो सोडवायला गेलं की चेहराच सुटून येतो. असे चेहरे जोडून द्यायची कामं माझ्याकडे दर पावसाळ्यानंतर येतात.

मी आता बॅगेत पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाचे तुकडे ठेवतो. फोटो झाला की माणूस स्वतः, किंवा जवळचं कुणी, त्यावर नाव, वाडा आणि गाव लिहितं. त्या लिहिण्याच्या दोन मिनिटांत जे बोलणं होतं, त्यानंतर काढलेला फोटो पहिल्यापेक्षा बरा येतो. नाव छापू का, हेही तेव्हाच विचारतो. काहीजण नको म्हणतात. साखळीच्या त्या आजीचं नाव मी इथे लिहिलं नाही, कारण तिच्या घरच्यांना अजून विचारलेलं नाही.

आणखी एक मागणं आहे. जुन्या निगेटिव्ह चाळून मी 41 प्रिंट काढून ठेवल्या आहेत, ज्यांची माणसं मला सापडत नाहीत. पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवल्या आहेत. रायबंदर-चोडण फेरीबोटीवर सायकलच्या दांड्यावर बहिणीला बसवलेला मुलगा, 2001. शिगम्यात घोडेमोडणीच्या नाचाचा घोडा कमरेला बांधून पाणी पिणारा डिचोलीचा माणूस, 1999. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरीसांच्या, म्हणजे डुकराच्या सॉसेजच्या, माळांमागून डोकावणारी बाई, साल लिहायचं राहिलं. आपल्या रविवारच्या अंकात कोपऱ्यातली दोन इंचांची जागा दिलीत, तर दर आठवड्याला एक फोटो छापता येईल. ओळखणाऱ्याने आपल्या कार्यालयात कळवावं. प्रिंट घरी नेऊन द्यायचं काम माझं. चवथीच्या आधी सुरुवात झाली तर बरं, कारण चवथीला बाहेरगावची माणसं घरी आलेली असतात आणि जुने चेहरे ओळखणारे सगळे एका पडवीत भेटतात.

आपला,
एक छायाचित्रकार,
म्हापसा