उचलायचं कसं ते शिकवू नका, उचलणं कमी करा

संपादक साहेब, नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यात स्टाफ नर्स आहे, मेडिकल वॉर्डला. आमच्या ड्युटी रूमचा ड्रॉवर कधीही उघडा, मलमाची एक ट्यूब आणि कोणाचा तरी कमरेचा पट्टा त्यात असतोच. ड्युटी संपवून कोणी ना कोणी कंबर धरूनच घरी जाते आणि तक्रार केली की ठरलेलं उत्तर येतं, सिस्टर तुम्ही चुकीचं वाकता, गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा. या उत्तराबद्दलच मला लिहायचंय.

गुडघ्यात वाकून उचलणं तांदळाच्या पोत्याला ठीक आहे, पोतं घाबरून गळ्याला मिठी मारत नाही. आमच्यासमोर अर्धांगवायू झालेला माणूस असतो, एक बाजू लुळी, एका हाताला सलाईन, खाली लघवीची पिशवी, खाट आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा, आणि तो सरकत सरकत पायथ्याला गेलेला असतो. त्याला वर घ्यायचं म्हणजे खाटेवर ओणवं होऊन हात लांब करूनच ओढावं लागतं, गुडघे कुठे वाकवणार? आणि ओझं अंगापासून जितकं लांब तितका कमरेवर ताण जास्त. अशा पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची असते नाहीतर बेडसोअर म्हणजे पडून पडून अंगाला जखमा होतात, म्हणजे वॉर्डात असे सहा जण असले तर आठ तासांच्या ड्युटीत चोवीस वेळा. बेडपॅन, चादर बदलणं, ट्रॉलीवर घेणं हे सगळं वेगळंच.

अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या सरकारी संशोधन संस्थेतल्या तज्ज्ञाने २००७ साली हा हिशोब मांडलाय, पेशंट हलवताना एका नर्सवर ३५ पौंड म्हणजे साधारण १६ किलोच्या वर भार येऊ नये, तोही सगळं अनुकूल असताना. म्हणजे साठ किलोच्या पेशंटला चार माणसं झाली. आमच्याकडे नाइटला चार माणसं आणणार कुठून, मावशी एकच आणि ती पण दोन वॉर्ड मिळून. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नॉर्म साध्या हॉस्पिटलला पाच पेशंटमागे एक आणि टीचिंग हॉस्पिटलला तीन पेशंटमागे एक नर्स असा आहे, तो प्रत्यक्षात किती पाळला जातो ते कुठल्याही वॉर्डात रात्री उभं राहून बघा.

नुसतं ट्रेनिंग देऊन भागत नाही हे मी रागाच्या भरात म्हणत नाहीये. उचलायची पद्धत शिकवण्यावर जे अभ्यास झाले ते एकत्र तपासले तेव्हा फक्त शिकवल्यामुळे पाठदुखी कमी झालेली दिसली नाही. पट्टा लावून दुखणं टळतं असंही दिसलं नाही. मग काय करायचं? उचलण्याच्या जागी सरकवायचं. स्लाइड शीट म्हणून एक गुळगुळीत नायलॉनची चादर मिळते, ती पेशंटच्या अंगाखाली घातली की घर्षण कमी होतं आणि दोघीजणी त्याला न उचलता सरकवू शकतात. एखाद्या मशीनच्या तुलनेत ही चादर काहीच महाग नाही तरी खरेदीच्या यादीत मला ती कधी दिसली नाही. होइस्ट म्हणजे पेशंट उचलायचं यंत्र, ते प्रत्येक वॉर्डात मिळेल असं मी म्हणत नाही, पण चादर तरी द्या.

दुसरी गोष्ट खाटेची. कॉट आपल्या कमरेच्या उंचीला आली की निम्मं वाकणं संपतं, पण वर-खाली होणाऱ्या कॉट मोजक्याच आणि ज्या आहेत त्यांचं हँडल आपल्या खाऱ्या हवेने गंजून बसतं, चाकांचे ब्रेक पण तसेच. दोन्ही हातांनी जोर लावून ते फिरवायला जाताना आमच्या एका सिस्टरच्या कमरेत अशी उसण भरली की तिला दुसऱ्या दिवशी सरळ उभं राहवेना. ग्रीस लावायला किती खर्च येतो हो? समुद्राकाठच्या हॉस्पिटलात हे काम ठरवून पावसाच्या आधी आणि नंतर व्हायलाच हवं. पावसाळ्यात तर लेप्टोस्पायरोसिस आणि इतर तापाचे पेशंट इतके येतात की गाद्या जमिनीवर पडतात, मग जमिनीपर्यंत वाकून शीर शोधायची, सुई लावायची. तिथे बसायला एक बुटकं स्टूल मिळालं तरी खूप झालं.

कारखान्यातल्या कामगाराला इजा होईल इतकं ओझं उचलायला लावू नये असं कलम १९४८ च्या कारखाना कायद्यातच आलं. आमची कंबर गेली तर ती कामामुळे गेली अशी साधी नोंद सुद्धा होत नाही, रजा आपल्याच खात्यातून जाते. प्रत्येक हॉस्पिटलने अशी नोंदवही ठेवावी, म्हणजे कुठल्या वॉर्डात कुठल्या कामाला सिस्टरची कंबर जाते ते कळेल आणि कुठे काय बदलायचं तेही कळेल.

माझ्या मैत्रिणींना पण सांगायचंय. घरी गेल्यावर विहिरीचं पाणी आहे, लावणीच्या दिवसात शेतात ओणवं राहणं आहे, मग वेगळा व्यायाम कशाला असं आपण म्हणतो, पण कामाची दगदग आणि पोटा-पाठीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नियमित व्यायामाने पाठदुखी पुन्हा होण्याचं प्रमाण कमी होतं याला चांगला पुरावा आहे. उसण भरली म्हणून आठ दिवस अंथरूण धरू नका, झेपेल तसं हिंडत राहा. मात्र पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, ड्युटी संपायची वाट बघू नका.

आणि नातेवाईक मंडळींना एक विनंती. तुम्ही मदतीला धावता याचं खरंच बरं वाटतं, पण पेशंटचा दंड किंवा काख धरून ओढू नका, अर्धांगवायूच्या पेशंटचा खांदा त्याने सरकतो. आधी सिस्टरला विचारा, ती सांगेल तिथे चादरीचा कोपरा धरा आणि तिच्या मोजणीवर सगळ्यांनी एकदम सरकवा.

एक स्टाफ नर्स, रत्नागिरी जिल्हा