मनू, किंग्ज कॅन्यनला जायच्या आधी हे वाच

मनू बाळा,

डिसेंबरच्या सुट्टीत तुम्ही मैत्रिणी अॅलिस स्प्रिंग्जला उतरून गाडी भाड्याने घेणार आणि ऑस्ट्रेलियाच्या मधोमध वाळवंटातली ती किंग्ज कॅन्यनची खोल दरी करणार असं म्हणालीस ना, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. फोनवर तू घाईत असतेस म्हणून लिहूनच काढते. जा, नक्की जा, पण डिसेंबरात नको आणि पहिल्यांदा जाताना गाईडशिवाय नको.

राजगड चढलेल्या पोरीला 6 किलोमीटरचा रिम वॉक, म्हणजे दरीच्या काठाकाठाने जाणारी वाट, म्हणजे काय विशेष असं वाटेल. पण सुरुवातीलाच 500च्या आसपास पायऱ्यांची खडी चढण आहे, तिला हार्टब्रेक हिलच म्हणतात, आणि ती संपली की पुढे बहुतेक सगळा उघडा तापलेला खडक, सावली फारच थोडी. डिसेंबर म्हणजे तिथला उन्हाळा, तेव्हा पारा 40च्या वर सहज जातो. दिवसाचा अंदाज 36 किंवा जास्त असेल तर सकाळी 9 नंतर रिम वॉक सुरूच करू देत नाहीत, म्हणजे बघ. मोबाईलला रेंज नाही, जवळचं मोठं गाव म्हणजे अॅलिस, ते शेकडो किलोमीटर लांब. तिथे कोणी चक्कर येऊन पडलं तर मदत लगेच येत नाही गं.

मी आणि बाबा टूरबरोबर गेलो होतो तेव्हा आमची गाईड तर तुझ्याच वयाची असेल. बसमधून उतरल्या उतरल्या तिने प्रत्येकाच्या बाटल्या हातात घेऊन बघितल्या, ज्याच्याकडे 3 लिटर पाणी नाही त्याला सरळ परत नळावर पाठवलं, बाबासुद्धा गुपचूप भरून आले. वर चढताना ती सगळ्यात हळू चालणाऱ्या बाईंच्या चालीने चालत होती आणि कोणालाही पुढे जाऊ देत नव्हती. मला ती फार आवडली.

आणि ती नसती तर आम्ही नुसते फोटो काढून परत आलो असतो. एका जागी तिने सगळ्यांना खाली वाकायला लावलं आणि म्हणाली, हात फिरवून बघा. लाल दगडावर बारीक बारीक लाटा होत्या, ओहोटीनंतर पुळणीवर उमटतात ना अगदी तशा, पण हाताला घट्ट, खरखरीत. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि हा दगड म्हणजे वाळू, कोट्यवधी वर्षं दाबली जाऊन बनलेली, सह्याद्रीपेक्षा कितीतरी पट जुनी! मी बराच वेळ तिथून हललेच नाही.

समोरचा कडा 100 मीटरच्या वर आहे आणि सुरीने कापल्यासारखा सरळ. कारण असं की वरच्या दगडाला उभ्या भेगा आहेत, खालचा थर मऊ आहे, तो झिजला की वरचा आधार जातो आणि अख्खा तुकडा निखळून पडतो. जिथे ताजा तुटलाय तिथे दगड आतून फिकट पांढरट दिसतो, लाल रंग लोखंडाच्या गंजाचा, तो नुसता वरवरचा. म्हणून कडेपासून 2 मीटर लांब राहायचं. उभं राहतो तिथे खाली पोकळ आहे की काय ते वरून कळतच नाही. पाय सोडून बसून फोटो काढायचा नाही म्हणजे नाही, मैत्रिणींनाही सांग.

मग लाकडी जिन्याने खाली उतरलं की गार्डन ऑफ ईडन. नाव बाहेरच्या लोकांनी दिलंय, ही जागा मुळात लुरिच्चा लोकांची, हजारो वर्षांपासून. वाळवंटाच्या मधोमध गार हवा, काळंभोर पाण्याचं कुंड आणि बाजूला सायकॅडची, म्हणजे ताडासारखी दिसणारी, झाडं, इथे पाऊसपाणी भरपूर होतं त्या काळापासून टिकून राहिलेली. टिकली कशी तर हा वाळूचा दगड पावसाचं पाणी पिऊन घेतो आणि सावकाश झिरपवत राहतो. सायकॅड वाढायला इतकी हळू की पुरुषभर उंचीचं झाड शेकडो वर्षांचं असू शकतं. कोणीतरी पाण्यात उतरू का विचारलं तर गाईड नको म्हणाली, अंगाचं सनस्क्रीन त्या कुंडात जातं आणि ते वाहतं पाणी नाही. मला पटलं. उलुरूवर, म्हणजे तिकडच्याच त्या प्रचंड लाल खडकावर, चढणंही 2019च्या ऑक्टोबरपासून बंद केलंय, तेही बरंच झालं. तिथल्या मूळच्या अनंगू लोकांसाठी ती देवाची जागा, तिथे बूट घालून कशाला चढायचं?

जून-जुलैत जा, तेव्हा तिथे हिवाळा असतो. दिवसा छान ऊन असतं पण रात्री थंडी शून्याच्या आसपास जाते आणि टूरवाले उघड्यावर स्वॅगमध्ये झोपवतात, म्हणजे कॅनव्हासची गादीवाली मोठी पिशवीच, आत स्लीपिंग बॅग. तंबू नाही, डोक्यावर थेट आकाश. बाबांना आधी भीती वाटत होती आणि नंतर तेच रात्री मला हलवून हलवून आकाशगंगा दाखवत होते. माश्यांची जाळी टोपीवर घालायला घे, थंडीत कमी असतात पण असतात. ट्रेकिंगचे जुने बूटच ने, नवे नकोत, पायाला फोड येतील.

मैत्रिणींशी बोलून घे आणि तारखा ठरल्या की कळव. तुझं लोकरी स्वेटर आणि कानटोपी इथेच कपाटात आहे, ते कुरिअर करते, मेलबर्नचा पत्ता तोच आहे ना? बाबा मेथीचे लाडूही घाल म्हणतायत पण तुमच्याकडे कस्टमवाले काय सोडतात ते आधी बघून सांग.

तुझी
आई