रोपाच्या पाटीवर आयुष्यही लिहा

संपादक महोदय,

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेली मराठी मंडळी हौसेने लॅव्हेंडर, सिॲनोथस, सिस्टस ही फुलझुडपे लावतात आणि काही वर्षांनी झुडूप वाळले की आपलेच काहीतरी चुकले म्हणून हळहळतात. रोपवाटिकेच्या पाटीवर उंची, ऊन, फुलांचा रंग सगळे असते. आयुष्य तेवढे नसते.

पावसाळी हिवाळा आणि कोरडा उन्हाळा अशा इथल्या भूमध्यसागरी हवामानात ऑलिव्ह शेकडो वर्षे जगते. पण त्याच्या शेजारचे झुडपी लॅव्हाटेरा ४-५ वर्षांतच आटोपते. सिस्टस आणि लॅव्हेंडर साधारण ८ ते १० वर्षे, बागेतले सिॲनोथस १० ते १५, रोझमेरी त्याहून थोडी जास्त. सिस्टसचा वंश मुळी वणव्यानंतर बियांतून उगवून येण्यावर चालतो. त्याच्या जून खोडाला पुन्हा फुटवा येत नाही. म्हातारे झुडूप तळापासून छाटून तरुण होईल ही आशा इथे फोल आहे.

वयाआधी झाड जाते ते बहुधा उन्हाळी पाण्याने. लॉनसाठीचे ठिबक किंवा फवारे झुडपापर्यंत पोचतात, माती गरम आणि ओली राहते आणि फायटोफ्थोरा ही मुळकूज धरते. माती ओली असूनही एखादी फांदी अचानक मान टाकते. लोक घाबरून आणखी पाणी घालतात आणि उरलेली मुळेही जातात. खोडाची साल जमिनीलगत नखाने खरवडून पाहावी. आत हिरवट-पांढरे असेल तर ठीक, तपकिरी असेल तर त्या झाडाचा नाद सोडावा.

लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाऊस सुरू होताना करावी, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळे खोल जातात. मोठ्या कुंडीतल्या रोपापेक्षा लहान रोप चांगले रुजते. पहिले दोन उन्हाळे दोन-तीन आठवड्यांतून एकदा खोलवर पाणी द्यावे, पुढे सिॲनोथसचे उन्हाळी पाणी बंदच करावे. खत नको; त्याने वाढ भसाभस होते आणि झाड लवकर थकते. लॅव्हेंडरची छाटणी दरवर्षी फुले सरल्यावर करावी, पण कात्री सर्वांत खालच्या हिरव्या पानांच्या वरच थांबली पाहिजे, जून लाकडात जाता कामा नये. पाचव्या-सहाव्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस ८-१० सेंटिमीटरचे छाट घेऊन, खालची पाने काढून, वाळूमिश्रित मातीत लावावेत. जुने झुडूप जाईपर्यंत वारस तयार असतो.

महाराष्ट्रात ही झाडे आणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की आपला पाऊस नेमका गरम महिन्यांत येतो. पुण्यात जुलैमध्ये लॅव्हेंडर दगावते ते बहुधा याच मुळकुजीने. पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या आत, उजेडात ठेवावी आणि मातीत निम्मी जाड वाळू घालावी.

आपल्या बागकाम सदरात प्रत्येक झाडाच्या माहितीत त्याचे अपेक्षित आयुष्यही छापावे, ही विनंती.

— एक वाचक, फ्रीमाँट (कॅलिफोर्निया)