टाकीवर जावा, इंजिनावर येझदी

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "ते येझदीचं इंजिन काढून टाक आणि कुठे मिळालं तर मूळ जावाचं बसव. मी तेव्हा चांगली गाडी नासवली." आई मागून काहीतरी बोलत होती ते नीट ऐकू आलं नाही, आणि मलाही फोनवर धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी बातमी सांगते. आपली जुनी जावा मोटरसायकल सुरू झाली. रविवारी सकाळी आठच्या सुमाराला, अकराव्या किकला. सायलेन्सरमधून इतका पांढरा धूर निघाला की दुसऱ्या मजल्यावरच्या काकू खिडकीशी आल्या. दोन-तीन मिनिटांत धूर निवळला आणि मग तो आवाज आला. बाबा, तुम्ही फाटकापाशी रेस कमी करायचात तेव्हाचा, एकेक ठोका सुटा ऐकू येणारा. मी तिथेच जमिनीवर बसले आणि बराच वेळ नुसती ऐकत राहिले.

आता इंजिनाचं. त्या दिवशी गाडी बघायला आलेल्या गृहस्थांनी "चासी आणि इंजिनाचे मूळ नंबर जुळत नाहीत, मग हिला काय अर्थ" असं म्हटल्यापासून तुमच्या मनाला लागून राहिलंय, हे मला कळतं. पण नासवली म्हणजे काय? गाडी १९६८ची. १९८४ साली आंबा घाट उतरताना इंजिनाने धरलं, पिस्टन आत अडकून बसला. आई पोटुशी होती, दादा पुढे टाकीवर बसलेला. हिच्यासारख्या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचं. लांब उतारावर रेस सोडून गाडी गिअरमध्ये उतरवली की चाक इंजिनाला फिरवत राहतं, पण पेट्रोल फारसं जात नाही, म्हणून ऑइलही फारसं जात नाही. पिस्टन कोरडा पडतो आणि धरतो. तुम्हाला हे माहीत होतं, मध्ये मध्ये रेस देतही होतात, तरी ते झालं. नुसतं धरलं असतं तर बोअर मारून, म्हणजे सिलिंडर आतून किंचित रुंद करून, भागलं असतं. पण कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेसला, इंजिनाच्या खालच्या कवचालाच, भोक पडलं. त्याला तुम्ही तरी काय करणार होतात?

आणि जे बसवलंत ते काही परक्या घरचं इंजिन नव्हे. म्हैसूरच्या ज्या आयडियल जावा कारखान्यात १९६१पासून जावा बनत होती, तिथेच १९७३पासून येझदी नावाने गाड्या निघायला लागल्या. तीच माणसं, तेच २४८.५ सीसी, सिलिंडरचा तोच ६५ मिमी व्यास आणि पिस्टनची तीच ७५ मिमी चाल. किक आणि गिअरचा दांडा एकच, आत दाबून वर फिरवला की किक होते. दांडा हलला की क्लच आपोआप सुटतो, हेही तसंच. झाकणावरचं नाव तेवढं बदललं. लहानपणी मला वाटायचं की गाडीचं नाव जावा आणि आडनाव येझदी.

रुस्तम आणि फारुख इराणींचा तो कारखाना १९९६ साली बंद झाला. त्यामुळे सामानासाठी नाना पेठेत बऱ्याच चकरा झाल्या, आणि दोन वेळा जुन्या बाजारात. एका दुकानदाराने क्रँकचं ऑइल सील नवं म्हणून दिलं, पण त्याचं रबर पडून पडून कडक झालेलं होतं. ते बसवलं तर क्लचच्या बाजूचं गिअर ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जायला लागलं. धूर थांबेना आणि ऑइलची पातळी उतरत जाई. परत सगळं खोललं. आठवडा गेला, पण त्यामुळे जे सापडलं ते मी पहिल्या वेळी बघितलंच नव्हतं. ते शेवटी सांगते.

पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन खरवडल्यावर ५० आकडा दिसला, मूळ मापापेक्षा ०.५० मिमी मोठा. म्हणजे तुम्ही दोन वेळा बोअर मारून घेतला होता. आता ०.७५ मिमी मोठा पिस्टन घातलाय. यापुढे अजून एक बोअर निघेल. क्रँक लेथवाल्याकडे नेला, त्याने नवी पिन आणि कनेक्टिंग रॉड घालून दोन सेंटरमध्ये फिरवून सरळ करून दिला. तो माणूस हातातलं काम पुरं झाल्याशिवाय मान वर करत नाही. तुम्हाला आवडला असता. सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या कॉस्टिक सोड्यात भिजवून ठेवल्या तेव्हा बोटभर जाडीची काजळी सुटून आली. ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटची गॅप ०.४ मिमी ठेवली. पॉइंटमधून कागदाचा कपटा ओढून पुसायची तुमची सवय मलाही लागलीय. तुम्ही एसटीचं तिकीट वापरायचात, मी मेट्रोचं वापरते. पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली ऑइल घालते.

वायरिंग नवीन करून घेतलं, पण सहा व्होल्टच ठेवलं. बॅटरी बसली की कितीही किका मारा, ठिणगी पडत नाही. शाळेला उशीर होतोय आणि तुम्ही गाडी ढकलत उतारापर्यंत नेताय, मी दप्तर घेऊन मागे पळतेय, हे सगळं बॅटरीमुळे होतं हे मला आत्ता उमगलं.

मूळ इंजिन शोधा, गाडी विंटेजमध्ये घाला, असं इथेही दोघा-तिघांनी सांगितलं. मी तो नियम वाचला. २०२१ साली केंद्र सरकारने केलाय. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपातली हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आणि अशी गाडी रोजच्या वापरात चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. बाबा, ही गाडी आयुष्यभर कामाला जुंपलेली. तुम्हाला कारखान्यावर सोडायला, उसाच्या बिलाच्या दिवशी तालुक्याला, आजीला दवाखान्यात. ती प्रदर्शनात नेऊन दोरीमागे उभी करायची माझी इच्छा नाही. मला तिच्यावरून मंडईत जायचंय.

शिवाय तुम्ही काही लपवून केलेलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीतलं आरसी बुक काल उघडून बघितलं. आत निळ्या शाईने इंजिनाचा नवा नंबर लिहिलाय, खाली सही, शिक्का. १९८५ साली अर्ध्या दिवसाची रजा टाकून तुम्ही रांगेत उभे राहिलात आणि ती नोंद करून घेतलीत, म्हणून आज मला कुठल्याही चौकात छाती पुढे काढून गाडी थांबवता येते.

या इंजिनाचे पैसे आईने भिशीतले दिले होते, हे दादाने सांगितलं. आई, ती भिशी तू शिलाई मशीनसाठी लावली होतीस ना? मशीन त्यानंतर सहा वर्षांनी आलं. हे तू कधी बोलली नाहीस. मूळ इंजिन तुटलं ते त्या घाटात संपलं. मला आठवते ती सगळी गाडी तुझ्या भिशीच्या इंजिनावर चाललेली आहे. आमच्या दोघांच्या शाळा, कॉलेज, दादाच्या लग्नाच्या पत्रिका वाटणं, सगळं. ते इंजिन काढून दुसरं बसवलं तर नंबर जुळतील, पण मग ही आपली गाडी राहणार नाही. मी ते काढणार नाही, बाबा. तुम्ही पुन्हा नासवली म्हणालात तर मला फार वाईट वाटेल.

आता ते सापडलेलं. क्लचचं झाकण दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा जुनं पॅकिंग अखंड निघालं. बाजारात मिळालं नसेल म्हणून तुम्ही घरीच कापलेलं, कॅलेंडरच्या कागदाचं. ऑइल पिऊन मधासारखा रंग झालाय. उजेडासमोर धरलं तर तारखा दिसतात, एक लाल रविवार दिसतो आणि एका चौकोनात पेन्सिलीने लिहिलंय, "दूध नाही". 'ध'ला वर गाठ मारलेली, आई, अक्षर तुझंच. इतकी वर्षं ते आत होतं. मी ते पुसून वहीत ठेवलंय.

पुढच्या शनिवारी येते, गाडी घेऊनच. बाबा, सायलेन्सरच्या नटचा हुक पाना स्वयंपाकघरातल्या माळ्यावर जुन्या डब्यात असेल, तो काढून ठेवा, इथे मिळाला नाही. आणि आई, सध्या बसवलेलं बाजारातलं पॅकिंग थोडं झिरपतंय. मागच्या वर्षीचं कॅलेंडर रद्दीत घालू नकोस, दुधाचा हिशेब लिहिलेलंच पान मला हवंय.

तुमची,
धाकटी