नवीन कूलर घ्यायच्या आधी कॅबिनेट उघडून बघा

मा. संपादक, स.न.

तुमच्या पुरवणीत उन्हाळ्यात कम्प्युटर कसा सांभाळायचा ते वाचलं, चांगलं होतं, पण प्रोसेसर गरम होतोय म्हटल्यावर सरळ ‘मोठा कूलर (म्हणजे प्रोसेसरवर बसतो तो हीटसिंक-फॅन) बसवा’ सांगून मोकळं व्हायचं हे काही पटलं नाही. मी वेंगुर्ल्यात कम्प्युटर रिपेअरिंग करतो, मे महिना लागला की दुकानात कोणी ना कोणी येऊन विचारतंच, “नवो कूलर घेवचो काय?” लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, डीटीपीवाले, गेम खेळणारी पोरं, सगळ्यांचा एकच प्रश्न.

आमच्याकडे कॅबिनेट उघडलं की आत काय निघतं ते पुण्यात बसून कळायचं नाही. चिरेखाणींची लाल धूळ, त्यात खारी दमट हवा, म्हणजे ती धूळ नुसती बसत नाही, चिकटते. वरून फॅन बरा दिसतो, पण तो काढून खाली बघाल तर हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर गोधडीसारखा थर, हवा जायला फटच नाही. एका कॅबिनेटमध्ये तर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं सापडलं, पालींचं तर विचारूच नका. आणि एवढं करून ते कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेलं, मागे भिंत, काही जणांकडे वरून प्लॅस्टिकचं कव्हर पण तसंच. असल्या मशीनला दहा हजारांचा कूलर लावा, तो आतली तीच गरम हवा फिरवत बसणार.

कूलर म्हणजे एसी नव्हे. खोलीतल्या हवेपेक्षा जास्त थंड तो करूच शकत नाही, त्यामुळे खोली २४ वरून ३४ डिग्रीवर गेली की त्याच कामाला प्रोसेसर पण साधारण दहानेच वर चढतो. म्हणजे जानेवारीत ७२ दाखवणारं मशीन मेमध्ये ८२ दाखवतं आणि लोक घाबरून फोन करतात. अहो, इंटेलच्या आय५-१२४०० प्रोसेसरची मर्यादा १०० डिग्री आहे, एएमडीच्या रायझन ५ ३६०० ची ९५, आणि २०२२ मध्ये आलेले रायझन ७००० मधले नावाच्या शेवटी एक्स असलेले तर जोर लावला की ९५ पर्यंत जाणारच, एएमडीने ते बनवलेतच तसे. मर्यादेला टेकला की प्रोसेसर आपणच स्पीड कमी करतो, लगेच जळून जात नाही.

तेव्हा नुसता टेम्परेचरचा आकडा बघून ठरवू नका, सोबत स्पीड बघा. टेम्परेचर-स्पीड दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते चालू ठेवून एखादा लांबडा व्हिडिओ एक्सपोर्टला टाका आणि पंधरा-वीस मिनिटं बघत बसा. यात एक गंमत आहे ती कोणी सांगत नाही. १२४०० सारखा प्रोसेसर सुरुवातीला ११७ वॉटपर्यंत खेचतो आणि काही मदरबोर्डांवर अर्ध्याएक मिनिटाने ६५ वर येतो, मग स्पीड पडतो, पण टेम्परेचर असतं सत्तर. ही पॉवरची मर्यादा, उष्णतेची नव्हे, इथे कूलर बदलून काहीच फरक पडणार नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये थर्मल थ्रॉटलिंगच्या (गरम झाल्यामुळे स्पीड कमी होण्याच्या) पुढे ‘येस’ आलं तरच थंडावा कमी पडतोय असं समजायचं.

आणि तसं आलं तरी आधी सफाई. ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली जुनी थर्मल पेस्ट सुकलेली असते, ती पुसून वाटाण्याएवढी नवीन लावा. रायझनच्या जुन्या एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या खाचेच्या) बोर्डावर हीटसिंक सरळ वर ओढू नका, थोडं मशीन चालवून गरम करा, मग बंद करून हळूच पिळत काढा, नाहीतर पेस्टला चिकटून प्रोसेसर पण सॉकेटमधून उपटून येतो. इंटेल प्रोसेसरच्या डब्यातच येणाऱ्या कूलरला चार पिना असतात, चारही ‘टक’ वाजल्या पाहिजेत, एक जरी सुटी राहिली तरी टेम्परेचर चढतं. ६५ वॉटवाल्या बहुतेकांचं काम एवढ्यातच भागतं.

घ्यायचा कोणी? ज्याचा प्रोसेसर इंटेलचा, नावात के असलेला आहे (त्यांच्याबरोबर हल्ली कूलर येतच नाही), ज्याचं तासन्‌तास रेंडरिंग चालतं, किंवा ज्याला आवाजाचा खरोखर त्रास होतो त्याने. दोनेक हजारांचा एका टॉवरचा (उभा हीटसिंक, बाजूला फॅन) पुरतो. पाण्याचा कूलर (पंपाने पाणी फिरवून प्रोसेसर थंड करणारा) इकडे मी कोणाला सुचवत नाही, दिसतो झकास, पण ऐन लग्नसराईत पंप गेला तर मुंबईहून येईपर्यंत मशीन आडवं. टॉवरचा फॅन गेला तर साधा १२० मिलिमीटरचा फॅन कोणाकडेही मिळतो.

म्हणून विनंती, पुढच्या वेळी कूलरची नावं छापाल तर शेजारी उंची आणि सॉकेट पण छापा. टॉवर साधारण १५५-१६० मिलिमीटरचे असतात, बारीक कॅबिनेटचा दरवाजाच लागत नाही. आणि २०२१ ला इंटेलने एलजीए१७०० या नव्या सॉकेटमध्ये कूलर बसवायच्या भोकांचं अंतर बदललं, जुना कूलर वेगळ्या ब्रॅकेटशिवाय बसत नाही. लोक नाव वाचून ऑनलाइन मागवतात, बसला नाही की डबा घेऊन माझ्याकडे येतात, आणि पार्सल परत न्यायला कुरिअरवाला पावसाळ्यात इकडे लवकर फिरकत नाही.

— एक कम्प्युटर रिपेअरवाला, वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग